होशरुबाचा पहिला खंड, पुन्हा एकदा

उर्दूत एक पुस्तक असं आहे, की ते सुरू करणारे पुष्कळ आणि संपवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. होश म्हणजे शुद्ध आणि रुबा म्हणजे हिरावून नेणारा. शुद्ध हरपवणारा तिलिस्म. आता तिलिस्म म्हणजे काय, हे मराठीत एका शब्दात सांगणं अवघड आहे. जादूने उभी केलेली अख्खी दुनिया, जिच्यात डोंगर, नद्या, शहरं, बाजार, राजे, प्रजा सगळं काही आहे आणि जिच्या आत राहणाऱ्याला ती खरीच वाटते, ती तिलिस्म. ‘मायानगरी’ हा शब्द चालला असता, पण तो मुंबईने कधीच घेऊन टाकलाय.

या मालिकेचा पहिला खंड मी यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा वाचला. आधी वाचला तेव्हा कॉलेजात होतो. आता पन्नाशी जवळ आलीय आणि घरात तेरा वर्षांची मुलगी आहे. दोन वाचनांमध्ये पुस्तक तेच राहिलं. वाचणारा आणि त्याच्या शेजारी बसून ऐकणारा, हे मात्र बदलले.

ज्यांना हे पुस्तक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमीर हमजाची दास्तान मुळात ऐकायची गोष्ट. इराणातून ती हिंदुस्थानात आली. अकबराला तिचं इतकं वेड, की त्याने तिच्यावर सुमारे चौदाशे चित्रं काढून घेतली. पुढे लखनौच्या दास्तानगोंनी तिला असे काही फाटे फोडले, की मूळ गोष्ट बाजूला राहिली आणि फांद्याच झाड झाल्या. होशरुबा ही त्यातली सगळ्यात दाट फांदी. 1883 साली लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने तिचा पहिला खंड छापला. लेखक मुहम्मद हुसेन जाह. जाह यांनी चार खंड लिहिले. पुढचे अहमद हुसेन कमर यांनी लिहून 1893 मध्ये काम तडीस नेलं. छापखाना तिथेच थांबला नाही. हमजाची सगळी दास्तान त्याने 46 खंडांत आणली, पानं चाळीस हजारांच्या वर. शम्सुर्रहमान फारुकी यांनी हे खंड एकेक करून जमवले आणि त्यांच्यावर आयुष्यभर लिहिलं, म्हणून आज आपल्याला या ऐवजाचा अंदाज तरी येतो. हा सगळा खटाटोप ज्यांच्या छापखान्यात झाला ते मुन्शी नवलकिशोर हिंदू होते. कुराणाच्या सुबक प्रती छापण्यासाठीही त्यांचं नाव होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. उर्दू अम्मीने शिकवली, स्वयंपाकघराच्या ओट्याशी, पाटीवर. जुन्या नाशकात, आमच्या घरात दोन तऱ्हेची पुस्तकं यायची. सार्वजनिक वाचनालयातून मराठी, त्यात नाथमाधवांचं ‘वीरधवल’ मी इतक्यांदा आणलं, की काउंटरवरचे काका मला बघूनच हसायचे. आणि मालेगावच्या नातेवाइकांकडून उर्दू. मालेगाव आपल्याच जिल्ह्यात, पण उर्दू वाचणाऱ्याला ते वेगळं संस्थानच वाटतं. होशरुबाचा पहिला खंड तिथूनच आला. वरची पानं गेलेली, पाठीला खळ लावून खाकी कागद चिकटवलेला. अक्षर बारीक, वाक्यं अर्ध्या पानाची, मध्येच फारसी. दिवसाला पाच पानं झाली तरी खूप. तरीही मी वाचलं, कारण त्यात अमर होता.

अमर अय्यार. काही जण त्याला उमरू म्हणतात. हमजाचा जिवाभावाचा दोस्त, त्याच्या लष्करातला पहिल्या नंबरचा अय्यार. काटकुळा, चपळ आणि कमालीचा कंजूष. खांद्याला झंबील नावाची झोळी, जिच्यात शहरंच्या शहरं मावतात. अंगावर घेतली की दिसेनासं करणारी घोंगडी. आणि बेशुद्ध करणारी पूड, जी तो मिठाईत, सरबतात, अत्तरात, कशातही मिसळतो. कधी गायिका होऊन दरबारात शिरेल, कधी आचारी, कधी म्हातारी दाई. शत्रू बेशुद्ध पडला की आधी त्याचे दागिने काढून झोळीत, मग पुढचं युद्ध. मुलीला मी ‘अय्यार’ समजावत होतो. हेर म्हटलं, बहुरूपी म्हटलं. ती म्हणाली, “म्हणजे बहिर्जी नाईक.” मी म्हटलं, हो, बहिर्जी नाईक, पण लढाईत मेलेल्याचे जोडेसुद्धा न सोडणारे. तेव्हापासून अमर आमच्या घरात मराठी बोलतो.

पुस्तक पुन्हा काढलं ते तिच्यामुळेच. ती इंग्रजीतल्या जाड जाड मालिका वाचते. ग्रीक देव, इंग्रजी चेटूकशाळा, उत्तरेतले ड्रॅगन. एकदा जेवताना तिने सहज विचारलं, “अब्बू, आपल्यात असं काही नाही का?” ‘आपल्यात’ म्हणजे नेमकं कुणात, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मराठीत? मुसलमानांत? नाशकात? तिला उर्दू बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून ठरलं असं, की रोज रात्री मी उर्दू वाचायचं आणि तिला मराठीत सांगायचं.

गोष्ट सुरू होते ती अशी. लका नावाचा एक अवाढव्य राजा स्वतःला खुदा म्हणवतो. हमजा त्याला हरवतो, तो पळतो. पळत पळत तो होशरुबाच्या सीमेजवळच्या एका राजाकडे आसरा घेतो. होशरुबाचा बादशहा अफ्रासियाब हा जादूगारांचा जादूगार, आणि लकाचा भक्त. हमजाची फौज मागोमाग येते. फौजेतला राजपुत्र बदीउज्जमाँ शिकारीला जातो, तिथे त्याला एक देखणं हरिण दिसतं. ते जिवंत पकडायचं त्याच्या मनात भरतं. हरिण पुढे, हा मागे. शेवटी तो बाण सोडतो. हरिण पडतं आणि कळतं की ते हरिण नव्हतंच. जादूगार होता. आणि राजपुत्र होशरुबाच्या हद्दीत कधीच शिरलेला असतो. तो कैद होतो, त्याला सोडवायला हमजाचा नातू असद निघतो आणि तिथून पुढची हजारो पानं घडतात.

मी हे सांगून संपवायच्या आत ती म्हणाली, “हे तर पंचवटीतलं आहे.”

आता नाशकातल्या पोराला हरणाची गोष्ट काय सांगायची! आम्ही गोदावरीच्या या काठाला राहतो, पूल ओलांडला की ती जागा. शाळेची सहल सीतागुंफेला जाते. शूर्पणखेचं नाक इथेच कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, हे इथला कुठल्याही धर्माचा रिक्षावाला पाहुण्याला सांगतो. सोन्याचं हरिण, त्यामागे गेलेला राजपुत्र, बाण लागल्यावर उघडा पडलेला मारीच. आणि झोपडीच्या दारात भिक्षुकाच्या वेशात आलेला रावण, म्हणजे अय्यारीच की. जाह यांनी हे रामायणातून उचललं असं मी म्हणणार नाही. इराणी कथांतले राजपुत्रही हरणामागे जाऊन वाट चुकतात. पण लखनौत बसून, रामलीला बघत मोठ्या झालेल्या माणसांना ही गोष्ट सांगताना दास्तानगोच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात काय चमकलं असेल, याचा अंदाज मला पहिल्या वाचनात आला नव्हता. तो तेरा वर्षांच्या पोरीने एका वाक्यात दिला.

इथपर्यंत मजा होती. पुढची रात्र अवघड गेली.

होशरुबातले जादूगार लढाईला निघतात तेव्हा त्यांचं वर्णन येतं. हातात त्रिशूळ, गळ्यात साप, कपाळाला शेंदूर. मंत्र सिद्ध करायला बसतात तेव्हा गुग्गुळाचा धूर, उडदाच्या पिठाचा पुतळा. मी हे मराठीत सांगत गेलो आणि शब्द इतके ओळखीचे निघाले, की मलाच माझा आवाज वेगळा ऐकू यायला लागला. तिने विचारलं, “हे साधू आहेत का?”

2015 च्या सिंहस्थात, ती अगदी लहान असताना, मी तिला खांद्यावर बसवून साधूंची मिरवणूक दाखवली होती. तिला ते आठवत नाही, पण फोटो आहे. आता पुढचा सिंहस्थ आलाय, शहरभर रस्ते खोदलेत. अशा शहरात, एका मुसलमानाच्या घरात, एका मुसलमान लेखकाच्या पुस्तकातला खलनायक त्रिशूळ घेऊन उभा राहतो आणि मुलगी विचारते की हे साधू आहेत का. याचं उत्तर टाळता येत नाही.

मी तिला सिनेमाचं उदाहरण दिलं. आपल्याकडच्या सिनेमात क्रूर सुलतान दाखवायचा झाला की त्याच्या डोळ्यांत सुरमा घालतात, हातात मांसाचा तुकडा देतात, मागे हिरवा पडदा सोडतात. तो खरा सुलतान असतो का? नसतो. बनवणाऱ्याला जे परकं वाटतं, बघणाऱ्याला ज्याची थोडी भीती वाटते, ते कपडे खलनायकाला चढवले जातात. लखनौच्या दास्तानगोला मसणातले जोगी, मंत्रतंत्रवाले ओझे गूढ वाटले, त्याने ते कपडे आपल्या जादूगारांना चढवले. तिला हे लगेच कळलं. सुरम्याचा अनुभव तिच्या गाठीशी आहे. एका सिनेमानंतर वर्गात तिला काय विचारलं गेलं होतं, ते तिने मला तेव्हा सांगितलं नव्हतं, त्या रात्री सांगितलं.

पण हिशेब इथे मिटत नाही. जादूगारांचे देव कोण, तर सामिरी आणि जमशेद. सामिरी हा कुराणात येतो, मूसा अलैहिस्सलाम यांच्या मागे लोकांना सोन्याच्या वासराच्या नादी लावणारा. जमशेद इराणचा पुराणातला राजा. त्यात स्वतःला खुदा म्हणवणारा लका. म्हणजे या पुस्तकातला ‘काफिर’ आपल्या गल्लीत, आपल्या शहरात कुठेही राहत नाही. तो दास्तानीपुरताच आहे. शिवाय अफ्रासियाबचा दरबार बघा. तीच लखनवी अदब, तेच पान, त्याच ठुमऱ्या, तेच रुसवेफुगवे. हमजाच्या छावणीतही तेच. दोन्हीकडची माणसं एकच भाषा बोलतात आणि एकमेकांच्या शेरांना दाद देतात. हे पुस्तक छापणाऱ्या नवलकिशोरांना त्यात आपल्यावर रोख दिसला असता, तर त्यांनी एवढा कागद आणि पैसा घातला असता का? पुढे पाच वर्षांनी, 1888 मध्ये, देवकीनंदन खत्रींनी ‘चंद्रकांता’ लिहिली ती हेच तिलिस्म आणि हेच अय्यार घेऊन. वाचणाऱ्यांना ही सामाईक मालमत्ता वाटत होती.

एवढं असूनही ‘काफिर’ हा शब्द पानापानावर आहे. मराठीत सांगताना मी त्याच्या जागी ‘लकाचे लोक’ म्हणत होतो. चार-पाच रात्री ते चाललं. मग तिने विचारलं, “खरा शब्द काय आहे तिथे?” मी सांगितला. ती गप्प झाली. हा शब्द तिने दोन ठिकाणी ऐकलाय, एकदा मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओत, जिथे कुणीतरी आपल्याबद्दल बोलताना ‘हे आपल्याला असं म्हणतात’ म्हणून तो वापरला होता, आणि एकदा मोहल्ल्यातल्याच एका तापट माणसाच्या तोंडून. दोन्हीकडे तो दगडासारखा वापरला गेला. ती म्हणाली, “मग तुम्ही सांगताना हाच शब्द ठेवा. नाहीतर मला वाटेल की लपवण्यासारखं काहीतरी आहे.” तेव्हापासून मी तो ठेवतो आणि दर वेळी कुणाबद्दल आहे तेही सांगतो. थोडा वेळ लागतो. लागू दे.

आक्षेप दुसऱ्या बाजूनेही येतात. आमच्या ओळखीतले एक बुजुर्ग म्हणाले, जादू हराम, दास्तान झूठ, आणि हमजा (रजि.) यांचं नाव त्यात कशाला? हजरत हमजा हे प्रेषितांचे (स.) काका, 625 साली उहुदच्या लढाईत शहीद झाले. ते नाव आम्ही अदबीनेच घेतो. दास्तानीतला अमीर हमजा परीशी लग्न करतो, काफ पर्वतावर अठरा वर्षं देवांशी लढतो. ऐकणाऱ्या कुणालाही कधी या दोघांत घोटाळा झाला असेल असं मला वाटत नाही. लखनौच्या चौकात बसून अफूच्या तारेत ऐकणाऱ्यालाही ते कळत असे. आपण त्याच्याहून भोळे आहोत असं का धरून चालायचं?

आता जे या वाचनात मला सगळ्यात जास्त दिसलं ते. असद हा या मालिकेचा नायक. तिलिस्म फोडणं त्याच्याच नशिबात लिहिलंय. प्रत्यक्षात तो काय करतो? अफ्रासियाबच्या भाचीच्या, महजबींच्या, प्रेमात पडतो आणि पकडला जातो. सुटतो, पुन्हा पकडला जातो. कॉलेजात असताना मला त्याच्या प्रेमाची पानं पाठ होती. आता लक्षात येतं, की त्याच्या गैरहजेरीत लढाई चालवतात त्या बायका. महरुख सहरचश्म, अफ्रासियाबच्या नात्यातली, म्हातारी म्हणावी अशी, जी घरच्या मुलीवर होणारा अन्याय बघून बादशहाविरुद्ध उठते. आणि बहार जादू, खुद्द बादशाही बेगम हैरतची बहीण. बहार युद्धात फुलांचा गुच्छ फेकते आणि रणांगणावर वसंत येतो. थंड वारा, मोगऱ्याचा वास, आणि समोरची अख्खी फौज तिच्या प्रेमात पडून शेर म्हणत हत्यारं विसरते. असलं शस्त्र मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

या दोघी बाजू बदलतात तेव्हा आपली जादू सोडत नाहीत. हमजाचं लष्कर त्यांना ती सोडायलाही लावत नाही. उलट तिच्याच जोरावर लढतं. ज्या विद्येला पुस्तक शत्रूची म्हणतं, तीच विद्या अंगात असलेल्या बायका पुस्तकाचा कणा होतात. दास्तानगोने हे ठरवून केलं की ऐकणाऱ्यांच्या टाळ्यांनी त्याच्याकडून करवून घेतलं, कुणास ठाऊक. पण ‘ते’ आणि ‘आपण’ यांच्यात आखलेली रेघ पहिल्याच खंडात इतक्या वेळा ओलांडली जाते, की शेवटी ती रेघ कमी आणि उंबरठा जास्त वाटते. माणसं आतबाहेर करत राहतात.

लकाबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो मला आता अजिबात परका वाटत नाही. तो प्रत्येक लढाईत हरतो. आणि दर वेळी सांगतो की ही हारही आपणच नशिबात लिहिली होती, हे आपलंच नियोजन. त्याचा वजीर बख्तियारक, लबाड आणि तोंडाळ, शेजारी उभा राहून त्याची री ओढतो आणि त्याच दमात त्याची टिंगलही करतो. भक्त मान डोलावतात. मी आणि मुलगी इथे खूप हसलो. मग तिने तिच्या ओळखीतल्या एकेका मोठ्या माणसाला लका ठरवायला सुरुवात केली. त्या यादीत सर्व धर्मांचे लोक होते. माझा नंबर चौथा लागला.

दास्तानीचा एक नियम आहे. कुठलाही तिलिस्म बांधताना त्याचा अंतही बांधणाऱ्यालाच ठरवून ठेवावा लागतो. तो कसा फुटेल हे सांगणारी एक ‘लौह’, म्हणजे पाटी, त्या तिलिस्मातच कुठेतरी दडवलेली असते. होशरुबात रक्ताची नदी वाहते, तिच्यावर धुराचा पूल आहे, पुलावर धुराचेच सिंह. अफ्रासियाबकडे सामिरीचं पुस्तक आहे, ते उघडलं की त्याला कुठे काय चाललंय ते सगळं दिसतं. एवढी सत्ता, एवढी नजर. तरीही पाटी आहेच. पहिल्या खंडात ती सापडत नाही. त्यासाठी पुढची कित्येक हजार पानं आहेत.

एकोणीस-वीस वर्षांचा असताना मला या नियमात कथेची सोय दिसायची. आता त्यात दिलासा दिसतो, आणि तो दिलासा मी तिला देऊ करतो. आजूबाजूला जी जादू पसरलीय, जिच्यात शेजारी शेजाऱ्याला जादूगार दिसतो, तीही कुणीतरी बांधलेली आहे. बांधलेल्या गोष्टीला जोड असतो, आणि जिथे जोड असतो तिथून ती उसवते.

तिने हे ऐकून घेतलं. तिला असला उपदेश फारसा आवडत नाही. तिचं म्हणणं वेगळंच आहे. महरुख लढते, बहार लढते, अमर तर पहिल्या पानापासून लढतोय, मग तिलिस्म फोडायचा मान असदला का? मी म्हटलं, तसं लिहिलंय. ती म्हणाली, “कुणी लिहिलं?” मी म्हटलं, जाह साहेबांनी. “त्यांनी ऐकणाऱ्या मुलींना विचारलं होतं का?”

दुसरा खंड मागवलाय.